ईरम्मा गेल्यावरही

अक्कलकोट रोडची एमआयडीसी मागं पडली की माळ लागतो. त्या माळावरच्या एका वाडीत राजाबाई राहते. मेंढरं राखणाऱ्या घरात जन्मली आणि तसल्याच घरात नांदायला आली. नवरा गुंडा पूर्वी कळप घेऊन पार लांबवर जायचा. त्याचे गुडघे गेले तसा कळप राजाबाईच्या अंगावर पडला. बोलायला फटकळ बाई, पण कुणाच्या अडीनडीला पहिली धावणारी. तिच्या भिंतीला भिंत लागून ईरम्मा राहायची. कानडी मुलखातून लग्न होऊन आलेली, पुढं विधवा झालेली. राजाबाईची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली होती.

दोन वर्षांमागं पावसाळा सरता सरता राजाबाईची मेंढरं मरायला लागली. संध्याकाळी धड चालत आलेलं जनावर सकाळी पाय ताणून पडलेलं दिसायचं. पहिली मेंढी मेली तिच्या आदल्याच दिवशी ईरम्मा सहज येऊन कोकरांच्या पाठीवरून हात फिरवून गेली होती. राजाबाई हापशावर चार बायकांत बोलून गेली, "तिचा हात लागला आन् माजी मेंढी गेली."

ती तेवढंच बोलली, पण वाडीला तेवढं पुरलं. कुणाला दोन सालांमागचं मेलेलं वासरू आठवलं, तर कुणाला मुलीचं मोडलेलं लग्न. ईरम्माशी माणसं बोलेनाशी झाली. दुकानदार तिला माल नाही म्हणून सांगायचा. मग तिच्या पत्र्यावर दगड पडायला लागले. शेवटी तिची लेक शिवलीला रिक्षा घेऊन आली आणि आईला सोलापुरात शुक्रवार पेठेत घेऊन गेली. ईरम्मा रिक्षात बसत होती तेव्हा राजाबाई दार लावून आत बसली होती.

त्यानंतरही मेंढरं मरतच राहिली.

सरकारी जनावरांचे डॉक्टर आले. आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष होण्याचा आजार असणार, असं म्हणून त्यांनी सगळ्या कळपाला लस टोचली. लशीचा गुण यायचे दिवस उलटून गेले, तरी आणखी मेंढ्या गेल्या. डॉक्टर आता चाऱ्याला नाहीतर आपल्यालाच दोष देणार, असं राजाबाईला वाटलं. ते कळपाकडं बघत शांतपणे म्हणाले, "माझा अंदाज चुकला. तो आजार असता तर लशीनं मरायच्या थांबल्या असत्या. आता एखादी मेली तर पुरू नका, मला बोलवा."

पुढची मेंढी त्यांनी सगळ्यांसमोर फाडली. यकृत पोखरलं होतं, आत पानासारखे चपटे किडे वळवळत होते. तळ्याकाठच्या ओल्या गवतातून ते पोटात जातात, असं त्यांनी समजावलं. औषध पाजलं, तळ्याकडची चराई बंद केली. मग मरणं थांबली. तोवर अर्धा कळप संपला होता.

राजाबाईच्या डोक्यातून मात्र डॉक्टरांचं बोलणं जाईना. लशीनं थांबल्या नाहीत म्हणून त्या माणसानं आपलं म्हणणं सोडून दिलं. ईरम्मा गेल्यावरही थांबल्या नाहीत, तेव्हा आपण काय सोडलं? तिनं गुंडाजवळ विषय काढला.

"जाताना करून गेली आसंल," गुंडा म्हणाला.

"आन् हितं ऱ्हायली आसती तर हितं बसून करती म्हणला आसता. मग काय घडलं म्हंजी तिचा हात न्हाय म्हणाल तुमी?"

गुंडानं तोंड फिरवलं.

ती एकटीच सोलापूरला गेली. शिवलीलानं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. ईरम्मा उंबऱ्याच्या आत टॉवेलांचे सुटे धागे कापत बसली होती. लई वाळली होती. राजाबाईनं बाहेर उभं राहूनच डॉक्टर, लस, किडे, सगळं सांगितलं. माझं चुकलं म्हणाली, घरी चल म्हणाली.

ईरम्मानं कात्री खाली ठेवली. "मी गेले त्याच दिवशी मेंढरं मरायची थांबली आसती, तर?"

राजाबाईनं तिच्या हातांकडं बघितलं.

"तर मी चेटकीणच ऱ्हायले आसते की. किडं कुणी बगितलं नसतं," ईरम्मा म्हणाली. "तुजी पोरं म्या ह्या हातानं बाहीर काढली. मी कशी हाय ते कळायला तुला मेंढरं फाडावी लागली व्हय?"

मग ती परत धागे कापायला लागली. शिवलीलानं दार लोटून घेतलं.

ईरम्मा परत आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतच वारली. राजाबाई मातीला गेली, पण तिला कुणी पुढं बोलावलं नाही, तीही सरकली नाही. वाडीत तिनं किड्यांची गोष्ट ज्याला त्याला सांगितली. लोक ऐकून घेत, आणि किडे तरी कुणी घातले, असं उलट विचारत.

यंदा वाडीतलं एक तान्हं मूल तापानं गेलं. बसायला आलेल्या बायकांत कुणीतरी हळूच केराबाईचं नाव घेतलं. केराबाईही एकटीच राहते. राजाबाई तिथंच उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी बी आसंच बोलले हुते. माजं खोटं निघालं."

तिच्याशेजारी बसलेल्या दोघी उठून पलीकडं जाऊन बसल्या.