जाळं ठेवा, माणूस द्या

गिरजाबाई मासळी बांधण्याआधी हातातला कागद माझ्यासमोर धरत असे.

"गुरुजी, पाहा जरा. याच्यात आपलं काही नाही ना?"

मी चष्मा पुसून पानाच्या दोन्ही बाजू पाहत असे. आखातातल्या एका देशाचे नाव, निदान तेलाचा, समुद्राचा किंवा वकिलातीचा उल्लेख असला, तर ते पान घडी होऊन तिच्या कमरेच्या पिशवीत जाई आणि मासळीला दुसरे पान मिळे. निवडणुका, क्रिकेट आणि सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती यांत मात्र तिचे झिंगे निर्धास्तपणे बांधले जात. हे कागद मूळचे आमच्याच घरचे. दर महिन्याची रद्दी तीच घेऊन जाई. मी एकदा वाचून टाकलेले जग ती मला पुन्हा वाचायला लावी.

मोहाडीत मी पुष्कळ वर्षे राज्यशास्त्र शिकवले. 'विकसनशील देशांचे परराष्ट्र धोरण' हे प्रकरण मला तोंडपाठ होते. स्वभाव भिडस्त असल्यामुळे वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलणेच मला सोयीचे वाटे, आणि निवृत्तीनंतर तर बोलण्याचे प्रसंगच उरले नाहीत. अशा माझ्याशी आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, नेमाने बोलणारी व्यक्ती म्हणजे गिरजाबाई. जातीने ढिवर, गाव सहा कोसांच्या आत, आणि गावाच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. नवरा लवकर गेला. घरात मुलगा शालिक आणि दहावीपर्यंत शिकलेली सून वंदना.

टोपली उतरली की माझ्या पत्नीशी तिची चकमक ठरलेली.

"गिरजाबाई, हा मरळ शिळा दिसते."

"शिळी मी आहो, वैनी. मरळ ताजा हाय. हात लावून पाहा, तो तुमाले वळखते का नाही!"

बसायला पाट दिला, तरी ती पायरीवरच बसे. तिचे माहेर आमगावकडचे. भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले आणि माहेर गोंदियात गेले, याचे तिला अखेरपर्यंत नवल वाटत राहिले. "मी तं होती तिथंच आहो, गुरुजी," ती म्हणे, "माहेरच उठून परदेशात गेलं." आम्ही हसत असू. पुढे परदेश हा शब्द तिच्या घरात खरोखरच शिरला, तेव्हा ते हसणे मला आठवू नयेसे वाटू लागले.

तळ्यात गाळ साचला होता, वर जलपर्णी पसरली होती. दोन माणसांनी दिवसभर जाळे टाकूनही एका टोपलीचा तळ भरत नव्हता. अशात नागपूरहून एक दलाल आला. आखातात मासेमारीच्या बोटींवर माणसे हवी आहेत, असे तो सांगत होता. ज्याने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, तो शालिक निघाला. मी भीत भीत म्हटले, "समुद्र म्हणजे तळे नव्हे, गिरजाबाई."

"पानी ते पानीच ना, गुरुजी? मासा तिथं काय झाडावर राहते?"

त्या बोलण्यात अडाणीपणा नव्हता. कसबावरचा विश्वास होता. नऊ पिढ्या पाण्यावर जगलेल्या घराला पाणी परके वाटावे कसे? मी करारपत्र वाचले. पासपोर्ट नावेच्या मालकाकडे राहील, असे त्यात होते. हे मी सांगितले, परंतु जाऊ नको असे काही माझ्याने म्हणवले नाही.

शालिकचा पहिला फोन आला, तो तिने आम्हाला साभिनय ऐकवला. "म्हने, माय, इथं चहूकडं पाहा, काठच दिसत नाही." मग तिने टोपलीवर हात ठेवला. "ज्या तळ्याले काठ नाही, ते तळं कोनाचं म्हणा लागते, गुरुजी?"

या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात कितीदा दिले होते! सागरी हद्द, तिचे अंतर, तिचे नियम. तिला मी म्हणालो, "सांगतो कधीतरी."

सांगण्याची वेळ येण्याआधीच बातमी आली. नाव वाऱ्याने भरकटली आणि शेजारच्या देशाच्या पाण्यात गेली. तिथल्या पहारेकऱ्यांनी नाव, जाळी आणि माणसे, सगळेच पकडून नेले. हे दुसऱ्या नावेवरच्या कोण्या तमिळ खलाशाने मोडक्या हिंदीत फोनवर कळवले. त्या दिवशी वार बुधवार होता आणि गिरजाबाईच्या डोक्यावर टोपली नव्हती. टोपलीशिवाय ती मला एकाएकी फार ठेंगणी वाटली.

"अर्ज लिवा," ती म्हणाली. "मी सांगतो तसा लिवा."

तिने सांगितले ते असे. पाणी चढले की तिच्या गावाचे तळे आणि शेजारगावाची बोडी, म्हणजे लहान तळे, यांमधली मातीची पाळ बुडते. हद्द दिसत नाही. तिचा नवरा असाच एकदा नकळत पलीकडे गेला आणि शेजारगावच्या ढिवरांनी त्याला धरले. मग इकडचे चार जाणते तिकडे गेले, पाळीवर बसले, चहा प्याले. जाळे तिकडच्यांनी ठेवून घेतले. नवरा सांजेच्या जेवणाला घरी होता.

"अशीच रीत हाय आमची. जाळं काय, सवडीनं सोडवता येते. मानूस ठेवून घेत नाही कोनी. त्याच्या घरी चूल पेटली असते ना! तं लिवा, 'पाळ बुडाली होती, पोराले दिसली नाही. जाळं ठेवा, माणूस द्या.' एवढंच लिवा. लय लिवू नोका."

मी लिहिले. दोन दिवस खपून, तीनदा मसुदा बदलून लिहिले. 'उभय देशांतील प्रदीर्घ मैत्रीपूर्ण संबंध' लिहिले, 'मानवतावादी दृष्टिकोन' लिहिला, 'सहानुभूतिपूर्वक विचार' लिहिला. पाळ लिहिली नाही. दिल्लीतल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर बोडीची गोष्ट कशी ठेवायची, याचा मला संकोच वाटला. मी अर्ज वाचून दाखवला, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते.

"ते जाळ्याचं आलं का त्याच्यात?"

"आलं," मी म्हणालो.

तिने अंगठा उमटवला. एक नक्कल तिने मागून घेतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपलीच्या तळाशी ठेवली. त्यानंतर तिने ती गोष्ट कधीही विचारली नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसला, असे मी समजलो.

मग वाट पाहणे सुरू झाले. अर्ज पुढे पाठवल्याची पत्रे येत. पुढे म्हणजे कुठे, ते कळत नसे. एकदा मी तिच्याबरोबर भंडाऱ्याच्या एका कचेरीत गेलो. तिथला बाबू वैतागून म्हणाला, "बाई, हे काय रेशनकार्ड आहे काय, आज मागितलं अन् उद्या भेटलं?"

"रेशनकार्ड तरी कुठं उद्या भेटते, साहेब?"

सगळे हसले, बाबूही हसला. बाहेर आल्यावर मात्र ती एका झाडाखाली बसली आणि पदराने बराच वेळ तोंड पुसत राहिली.

वर्तमानपत्रात एकदा छायाचित्र आले. आपले मंत्री आणि शालिकला धरून ठेवणाऱ्या देशाचे मंत्री हात मिळवून उभे होते. तिने ते पान गुडघ्यावर पसरले.

"हात धरला ना यानं त्याचा? मंग शालिकचं नाव निघालं असन?"

चर्चा तेलाच्या पुरवठ्याविषयी होती, असे मी सांगितले. तिने समजल्यासारखी मान हलवली. "ज्याच्या दारी तेल मांगाले गेलो, त्याच्या दारी पोरासाठी भांडता थोडी येते, गुरुजी." संताप नव्हता तिच्या आवाजात. उलट त्या दोघांपैकी आपल्या माणसाबद्दल तिला थोडी कणवच वाटली असावी. माझ्या तोंडपाठ प्रकरणात हे वाक्य कुठेही नव्हते.

दुसऱ्या हिवाळ्यात तिला धाप लागू लागली. मंगळवार चुकला, मग शुक्रवारही चुकला. मी तिच्या घरी गेलो, तेव्हा ती वाकळेवर बसून होती आणि वंदना जाळे सांधत होती. तिने उशाखालून पानांची चळत काढून माझ्या हाती दिली.

"हे ठेवा. तो आला तं वाचून दाखवजा. तो तिकडं होता तवा इकडं आपन त्याच्याच मांगं होतो, हे कळा लागते त्याले."

त्या क्षणी खरे सांगावे, असे मनात आले. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "वंदना, गुरुजीले चाय टाक," आणि मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतर नवव्या दिवशी ती गेली.

शालिक पुढच्या वर्षी आला. त्या देशातल्या कोणत्याशा सणानिमित्त काही कैद्यांना माफी मिळाली, त्यांत तो होता. माझ्या अर्जाचा त्यात काही वाटा होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. तो पायरीवरच बसला, आईच्या जागी. केस पांढरे झाले होते.

"कसे सोडले तुम्हाला?" मी विचारले.

"काही नाही, गुरुजी. नाव ठेवली, जाळी ठेवली, अन् आमाले इमानात बसवलं."

मी आतून आणलेली पानांची चळत खाली ठेवली. आयुष्यात प्रथमच मी समोरच्या माणसाकडे पाहून, न अडखळता बोललो. तुझ्या आईने हेच लिहायला सांगितले होते, मी ते लिहिले नाही, आणि लिहिले असे तिला खोटे सांगितले.

शालिकने नखाने पायरीवरची माती उकरली.

"मायले मालूम होतं, गुरुजी. त्याच संध्याकाळी वंदनानं नक्कल वाचून दाखवली तिले. वंदना म्हने, आत्ताच जाऊन दुसरा लिवून आनतो. तं माय म्हने, नोको. गुरुजीले लाज वाटली असन आपल्या बोलीची. चांगल्या मनानं लिवलं त्याइनं. काही म्हणजो नोको त्याइले."

आत पत्नी भांडी आवरत होती, तो आवाज थांबला.

मी सर्वांत वरचे पान उलगडले. त्याला अजून मासळीचा वास होता. दोन मंत्री हात मिळवून उभे होते. मी वाचू लागलो. दुसऱ्याच ओळीला मी थांबून चष्मा काढला.

शालिक उठला आणि त्याने पान माझ्या हातातून हळूच काढून त्याची घडी केली.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "सवडीनं."