चार माणसांचा वाढदिवस

घोटीच्या फाट्यावर नाशिकची जीप भरायला त्या सकाळी पाऊण तास लागला. तोवर आई शेजारी उभी होती. नोकरी कसली, राहणार कुठे, यातलं तिने काही विचारलं नाही. जीप सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "पोचला का डायवरला सांग. तो सांगंल कुनाला तरी." मी सांगितलं. निरोप संध्याकाळपर्यंत घरी गेला. कुणामार्फत, ते मला आजवर कळलेलं नाही.

गावाची रीतच तशी होती. सकाळी बाहेर पडलेलं पोर कुणाच्या तरी ओसरीवर जेवायचं आणि तिथेच झोपायचं. संध्याकाळी कुणी विचारलंच, तर आईचं उत्तर ठरलेलं असायचं, "आसंल कुनापाशी तरी." आणि ते खरं असायचं. गावात राहिलेल्यांना यात लिहिण्यासारखं काही वाटणार नाही. निघून आलेल्यांना वाटेल. आम्ही हे वाक्य सामानाबरोबर शहरात आणलं. ते इथे चालतं का, हे कुणी तपासलं नाही.

माझी मुलगी सई तीन वर्षांची झाली, तेव्हा आम्ही शहराबाहेरचं एक लॉन भाड्याने घेतलं. सव्वाशे माणसं होती. ऑफिसातली, सोसायटीतली, आणि दोन गाड्या भरून गावाकडची. डीजे होता, धूर सोडणारं यंत्र होतं, फुग्यांची कमान होती. तिच्या वयाचं तिथे काही नव्हतं. माझं शहरात बस्तान बसलं, हे गावाला दाखवायचं होतं. तेव्हा मी तसं कबूल केलं नसतं.

केक आला. माइकवरच्या मुलाने सईचं नाव घेतलं. सई नव्हती. मी बायकोकडे, वैशालीकडे पाहिलं. ती म्हणाली, आईंकडे दिली होती. आईने माझ्या चुलतबहिणीचं नाव सांगितलं. चुलतबहीण म्हणाली, "मघाशी व्हती. आसंल कुनापाशी तरी." फाटक उघडं होतं. फाटकाबाहेर सर्व्हिस रोड, त्यापलीकडे हायवे.

फोटोग्राफरच्या फोटोंवरच्या वेळा मी नंतर पाहिल्या. सई दिसते तो शेवटचा फोटो सात बेचाळीसचा आहे, त्यानंतरचा सात त्रेपन्नचा. मधल्या अकरा मिनिटांत मी हायवेपर्यंत दोनदा जाऊन आलो. ती वैशालीला सापडली. पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, कानांवर हात दाबून बसलेली. फाटक तिथून वीस पावलांवर होतं. मी ती मोजली आहेत.

त्यानंतर वर्षभर वाढदिवस हा शब्द निघाला की ती कान झाकायची. दुकानात, बागेत मी तिचं मनगट धरून चालायचो. ती म्हणायची, "बाबा, दुखतंय." मी पकड सैल करायचो. चार पावलांवर ती पुन्हा आवळली जायची.

चौथा वाढदिवस जवळ आला. वैशालीने तिलाच विचारलं, कसा करायचा. सईने बोटं मोजली. आई, बाबा, आजी, मी. मग म्हणाली, "दार लावून."

आईला हे पसंत पडलं नाही. भावकी काय म्हणेल, पोरीच्या नावाने चार घासही नकोत का, असं तिने फोनवर दोनदा ऐकवलं. "वाढदिवस हाय का चोरून लगीन?" तरी आली. येताना घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन आली.

फुगे नव्हते, गाणं नव्हतं. आईने ओवाळलं, वैशालीने शिरा केला. कडी मी स्वतः लावली होती. सईने शिरा दोनदा मागून घेतला. मग बेल वाजली. वैशालीने कडी काढली. समोरच्या फ्लॅटमधली तिची मैत्रीण होती, हातात रंगीत खडू. सईने कान झाकले नाहीत. खुर्चीवरून उतरली, तिचा हात धरला आणि समोरच्या घरात गेली. मी उठून दारात उभा राहिलो. दोन्ही दारं उघडी होती, मधे चार फुटांचा पॅसेज. तिचा आवाज येत होता, ती दिसत नव्हती.

"बस की रं," आई म्हणाली.

मी म्हणालो, तुला बरं जमायचं, तुला कधी भीती वाटली नाही.

आई ताटं उचलत होती. ती थांबली. "कोन म्हनलं? भाताच्या आवनीला तू बांधावर आसायचा. एक मूठ लावून झाली का मान वर करून बघायची. सांजंला कंबरंपेक्षा मानच दुखायची. बोलायचं कुनाला? समद्याच बाया बघत व्हत्या."

गावाकडचं घर म्हणजे काळजी नसलेली जागा, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तिथली काळजी दुसरं कुणीतरी करत होतं, एवढंच. आता ती काळजी माझ्याकडे आली आहे, आणि जिथे उभं राहून ती करायची, ते माझं घर.

आई ताटं ठेवून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही दोघे समोरच्या दाराकडे बघत होतो.