रणजितच्या मागं बसून

माणूस मोठा झाला की त्याच्या किश्श्यांना पाय फुटतात. आमच्या रणजितचंही तसंच. आज तो रॉकस्टार म्हणून देशभर फिरतोय, आणि सांगलीत ज्यानं त्याला एकदा चहा पाजला तोसुद्धा नवा किस्सा सांगतो! मी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्या मागं ड्रमवर. म्हणून माझे खरे!

*

कुपवाडच्या एका कारखान्यात आम्ही दोघं कामगार. सुट्टीच्या दिवशी शेडमध्येच प्रॅक्टिस. रणजितनं गिटारचा आवाज फुल केला, तर मालक धावतच आत. "कुठल्या मशीनचं बेअरिंग गेलं रं?"

*

पहिला प्रोग्राम कुंडलला, मित्राच्या हळदीत. रणजितनं मान मागं टाकून अशी काही तान फोडली, की पुढं बसलेल्या एक आजी ताडकन उठल्या. "आवं, बघताय काय? पाणी द्या की त्याला कुणीतरी!"

*

मग महाबळेश्वरच्या हॉटेलात रोज वाजवायचं काम मिळालं. एका संध्याकाळी धो धो पावसात लाइट गेली. गिटार मुकी, माइक मुका. रणजित नुसत्या गळ्यावर तासभर गायला, मी टेबल बडवलं. लोकांनी डोक्यावर घेतलं! मॅनेजर म्हणाला, "लाइट नसली की तुमी लय गोड वाजवता. रोज मेन स्विच बंद करू काय?"

*

नाव झाल्यावर टीव्हीवाल्या बाई आल्या. "तुमचे गुरू कोण?"

रणजित गंभीर. "कारखान्यातला पॉवर प्रेस. ताल चुकला की बोट जातंय!"

*

रणजितचे वडील, अण्णा, रिटायर्ड सुभेदार. त्याच्या गाण्याला ते कायम 'बोंब' म्हणायचे. एकदाही ऐकायला आले नव्हते.

गेल्या वर्षी सांगलीत मोठा शो झाला. बघतो तर पहिल्या रांगेत अण्णा, डोक्यावर भला मोठा कोल्हापुरी फेटा! रणजित गिटार घेऊन माझ्याकडं वळला. "गड्या, आज न्हाई जमायचं मला."

"सुरू कर," मी म्हणालो आणि काठ्या आपटल्या.

दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या मध्यावर अण्णा उठले आणि चालायला लागले. रणजितचा आवाजच बंद पडला. मीही थांबलो.

अण्णांनी वळून स्टेजकडं बघितलं.

"थांबलास का रं? फेट्यानं मागच्यांना दिसंना, म्हणून कडंला सरकतोय. गा की!"