अरबी माझ्यावर सोपवा

आधी शर्टाच्या खिशाला लावलेली दोन पेनं चाचपायची, मग उजवा हात छातीवर ठेवायचा, मान जराशी झुकवायची आणि म्हणायचं, "अरबी माझ्यावर सोपवा, साहेब." एवढं झालं की समजावं, आता आपलं काम एक तर चुटकीसरशी होणार, नाही तर त्याचा पार विचका होणार. मधलं काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

जबल अलीच्या आमच्या कंपनीत त्यांना सगळे मंदूब म्हणत. मंदूब म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, पासपोर्ट यांच्या पिशव्या घेऊन सरकारी कचेऱ्यांमधून हिंडणारा माणूस. आमचे मंदूब मूळचे गुहागरकडचे. तरुणपणी खाडीवर लाँचींमधला माल उतरवायला म्हणून आले आणि चिकाटीनं वर चढत मंदूब झाले. आखाती देशांत राहिलेल्यांना सांगायला नको, चांगला मंदूब मिळणं म्हणजे चांगला जावई मिळण्यासारखं आहे. तुमच्याही कंपनीत एखादा असेल.

त्यांचं अरबी मी पुष्कळ वेळा ऐकलं होतं. "अना अव्वल रूह, इन्ता बादेन जीब वरका," असं ते खिडकीपलीकडच्या साहेबाला सांगत. म्हणजे मी आधी जातो, तू नंतर कागद आण. तो साहेबही हसून त्याच थाटात उत्तर देई, शिक्का मारी आणि वर "हबीबी, चाय पिओ" म्हणे. मला अरबी शून्य येत असल्यामुळे मी थक्क व्हायचो. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, की त्या साहेबाला कागद पाठ होते, माणूस पाठ होता, आणि मंदूब एकही शब्द न बोलता उभे राहिले असते तरी शिक्का बसलाच असता.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कंपनीनं त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल त्यांना विमानाची दोन तिकिटं दिली. कुठलीही जागा निवडा म्हणाले. त्याच सुमारास त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर दुबईला आल्या होत्या. लग्न झाल्यापासून त्या गावी आणि हे इकडे. दोन वर्षांतून एकदा नवरा भेटायचा. फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार मंदूबांचा कधी झालाच नाही. सगळ्यांना वाटलं, हे आता सिंगापूर म्हणतील. मंदूब म्हणाले, "फेज."

"हे कुठं आलं?"

"मोरोक्को. जुनं शहर आहे साहेब, हजार वर्षांचं. गाडी आत जात नाही."

"पण फेजच का?"

ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "अहो, ही इथं आल्यापासून बघते काय? मी टॅक्सीवाल्याशी हिंदी बोलतो. भाजीवाल्याशी हिंदी. अरब भेटला तर तोच आपल्याशी हिंदी बोलतो! मी हिला फोनवर इतकी वर्षं सांगत आलो की माझं इथं अरबीवर चाललंय. ते तिला एकदा दिसू दे की. तिथं हिंदी चालत नाही, इंग्लिश चालत नाही. ओन्ली अरबी."

मला जुन्या शहरांचं वेड. म्हटलं, आपण पण जाऊ, दुभाषा फुकटात मिळतोय. बायको आणि मुलगी तयार झाल्या. अबुधाबीच्या वकिलातीत जाऊन मंदूबांनी सगळ्यांचे व्हिसे आणले. इथपर्यंत सगळं चुटकीसरशी झालं. पुढचा भाग विचक्याचा.

फेजच्या स्टेशनाबाहेर त्यांनी पेनं चाचपली, हात छातीवर ठेवला आणि टॅक्सीवाल्याला म्हणाले, "सदीक, अना रूह होटेल. सीदा. यल्ला!" म्हणजे दोस्ता, मला होटेलात जायचंय, सरळ, चल. टॅक्सीवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मंदूबांनी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं.

"पप्पा, ही इज स्पीकिंग फ्रेंच," माझी मुलगी म्हणाली.

"गावठी आहे हो हा," मंदूब म्हणाले. "अरबी धड येत नाही त्याला."

पुढचे दिवस मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की कान किटले. हमाल गावठी, पाणीवाला गावठी, मशिदीच्या दारातला पांढऱ्या दाढीचा पंडित दिसणारा म्हातारा, तोसुद्धा गावठी. हजार वर्षांच्या शहरात अरबी येणारा माणूस एकच, आणि तो गुहागरचा.

त्या शहराच्या गल्ल्या मी तुम्हाला काय सांगू! दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची. उतारावरून ओझ्याखाली दबलेली गाढवं येतात आणि मागून त्यांचा मालक "बालाक! बालाक!" ओरडतो. मी विचारलं, "काय म्हणतोय तो?"

"गाढवाचं नाव आहे ते," मंदूब म्हणाले.

दुसरं गाढव आलं. त्याचाही मालक बालाक म्हणून ओरडला.

"याचंही तेच नाव?"

"इकडं कॉमन आहे ते."

पुढच्या क्षणी कातड्यांच्या गठ्ठ्याचा कोपरा माझ्या बरगडीत बसला, तेव्हा मला कळलं की बालाक म्हणजे बाजूला व्हा.

मला कातडी कमावायचे रंगीत हौद बघायचे होते. त्यासाठीच तर आलो होतो. सकाळी निघालो ते तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या चौकात पोचलो. मंदूबांनी विचारलं, एकानं हात केला, आम्ही चालत राहिलो आणि परत तांब्याच्याच चौकात आलो. असं पुन्हा झालं. मग त्यांनी एका दुकानदाराला स्वतःच्या दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली. तो मोठ्या कळकळीनं आम्हाला एका वैदूच्या दुकानात घेऊन गेला आणि खरजेचं मलम काढून दिलं.

मी म्हटलं, "मंदूब, गाईड घेऊ या. गल्लीगल्लीत उभे आहेत."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "गाईड? मी असताना?" आणि वहिनींकडे ओझरतं बघून खालच्या आवाजात, "साहेब, तिच्यासमोर नको."

माझ्या बायकोच्या पायाला फोड आलेले, मुलगी रुसलेली, मी मनातल्या मनात दात-ओठ खातोय. एवढा पल्ला मारून आलो ते तांब्याचा ठणठणाट ऐकायला आणि खरजेचं मलम घ्यायला. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं की गाईडला हाक मारायला जीभ वळत नव्हती, आणि जीभ वळत नव्हती म्हणून आणखी चिडचिड होत होती.

गुरुवारी कहर झाला. वहिनींना गुरुवारी मांसाहार चालत नसे. खाणावळीत मंदूबांनी पोऱ्याला निक्षून सांगितलं, "दिजाज माफी. फाहिम? दिजाज माफी!" म्हणजे कोंबडी नको. तिकडच्या बोलीत नकार देण्याची तऱ्हा वेगळी असावी. पोऱ्याला दिजाज हा शब्द तेवढा कळला. थोड्या वेळानं टोपीसारखं झाकण असलेली दोन मातीची भांडी आली आणि झाकणं उघडली तर दोन्हींत अख्ख्या कोंबड्या, लिंबं लावलेल्या.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मंदूब पोऱ्यावर ओरडले नाहीत. गावठीही म्हणाले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "असू दे हो, मला पाव नि ऑलिव्ह पुरे," आणि खरंच मजेत खाऊ लागल्या. मंदूबांनी मात्र घासाला हात लावला नाही.

आमचं होटेल म्हणजे जुन्या शहरातलं एक घरच होतं. त्या संध्याकाळी त्या घराच्या चौकात ते कारंज्याच्या कठड्यावर बसले होते. मी शेजारी बसलो. तसे ते म्हणाले, "साहेब, मग इतकी वर्षं मी बोलत होतो ते काय होतं?"

मी म्हटलं, "शिक्के तर बसत होते ना?"

"ते हिला कुठं दिसले?" ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी अरबीचं नाव काढलं नाही. दुकानात, रस्त्यावर, कुठंही गेलो तरी आमच्या मागून गप्प चालू लागले. आणि सांगतो, त्या बडबडीनं मला जेवढा वैताग आणला नव्हता तेवढा या गप्प बसण्यानं आणला.

आता वहिनींचं ऐका. त्या घराची मालकीण एक म्हातारी होती, जाडजूड, हनुवटीवर गोंदलेली. वहिनी पहिल्याच सकाळी तिच्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी पाणी मागायला गेलो तर दोघी परातीवर वाकलेल्या. वहिनी खणखणीत मराठीत सांगत होत्या, "अगो, पीठ सैल झालं, आणखी घाल थोडं." म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, वहिनी म्हणाल्या, "तेच म्हणत्ये मी," आणि दोघी खदखदून हसल्या.

त्या शहरात घरोघरी भट्टी नसते. कणीक घरी मळायची, फळीवर पावाचे गोळे थापून फडक्यानं झाकायचे आणि गल्लीतल्या सामाईक भट्टीवर न्यायचे. सगळ्यांचे पाव एकत्र भाजले जातात, म्हणून प्रत्येक घराची आपली खूण असते. गुरुवारनंतर मंदूब सकाळचे खोलीतून हलेनात, म्हणून मी एका सकाळी एकटाच बाहेर पडलो, तर समोरून वहिनी येत होत्या. डोक्यावर फळी, फळीवर गरम पाव, एका हातात पुदिन्याची जुडी. गल्लीत उजवीकडे वळल्या, डावीकडे वळल्या, गाढव आलं तशा भिंतीला टेकल्या. पुदिनेवाल्यानं त्यांना हात केला. ज्या गल्ल्यांत आम्ही वाट हरवत होतो, त्यात ही बाई रोज सकाळी आपल्या आळीतून हिंडावं तशी हिंडत होती. फळीवरच्या दोन पावांच्या कडेला मुरड होती, अगदी करंजीला घालतात तशी.

"हे तुमचे?" मी विचारलं.

"हो. भट्टीवाला आता ओळखतो," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "ह्यांना सांगू नका हं साहेब. आधीच मनाला लावून घेतलंय."

शेवटच्या संध्याकाळी सगळे चौकात चहा पीत बसलो होतो. म्हातारी उंचावरून पेल्यांत चहा ओतत होती. वहिनी एकदम मंदूबांना म्हणाल्या, "अहो, ह्यांना जरा विचारा ना, तो पाव कसा करतात ते. गावी करून बघीन म्हणत्ये."

"तूच विचार," मंदूब खाली बघत म्हणाले.

"मला कुठं येतं अरबी? तुम्ही नाही विचारलंत तर राहीलच ते."

मी चहाच्या पेल्यात डोळे खुपसले. मग मंदूबांचा हात खिशापाशी गेला, पेनं चाचपली, छातीवर टेकला. "मामा," म्हणजे आई, अशी त्यांनी अगदी बारीक आवाजात हाक मारली. "हादा खुब्ज... केफ सव्वी?"

म्हातारीनं आधी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी डोळे मिटून उघडले, एवढंच. म्हातारी उठली, मंदूबांच्या शेजारी येऊन बसली आणि हातवारे करत पहिल्यापासून सांगू लागली. पीठ, मीठ, कोमट पाणी, बडीशेप, झाकून ठेवणं. मंदूब एकेक गोष्ट मराठीत करून वहिनींना सांगत होते आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांची मान ताठ होत होती. "बडीशेप मळतानाच घालायची म्हणते. आधी नाही." वहिनी नव्यानं ऐकल्यासारख्या "असं होय," म्हणत होत्या. त्या सकाळचे पाव त्यांनीच मळले होते.

"बघा साहेब," मंदूब मला म्हणाले, "ही बाई शिकलेली आहे. हिचं अरबी शुद्ध आहे."

हौद मी शेवटपर्यंत पाहिले नाहीत.

पुढं काही वर्षांनी साठी झाली तसा त्यांचा व्हिसा संपला आणि ते गावी गेले. तिथं त्यांचं नवंच बस्तान बसलं. आखातात नोकरीला निघालेली आसपासची मुलं जायच्या आधी त्यांच्या ओटीवर बसून अरबी शिकत. त्या मुलांचं पुढं कुठं अडलं नाही म्हणे, कारण तिकडं बोलतात सगळे हेच. मी दर सुट्टीत येतो येतो म्हणत राहिलो आणि गेलो तेव्हा मंदूब जाऊन वर्ष होत आलं होतं.

ओटी रिकामी होती. वहिनींनी चहा केला आणि ताटलीत गरम गोल पाव आणून ठेवले. बडीशेपेचा वास आला. कडेला मुरड होती. त्यांची थोरली जाऊ शेजारी बसली होती, ती कौतुकानं म्हणाली, "आमच्या भावजींनी तिकडच्या बाईला अरबीत विचारून आणलंनी हो हे. हिला काय कळणार होतं? खरं ना साहेब?"

मी वहिनींकडे पाहिलं. चहाची किटली हातात धरून त्या तशाच उभ्या होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क भीती होती.

माझ्या खिशाला पेन नव्हतं. तरी मी खिसा चाचपला आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"अगदी खरं," मी म्हटलं. "अरबी आम्ही त्यांच्यावरच सोपवलं होतं."

वहिनींनी किटली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि माझ्या ताटलीत आणखी एक पाव वाढला.