तीन चौक आणि समुद्र

बोईसरला गाडी थांबते न थांबते तोच माझी थोरली बहीण, अक्का, उतरून चालूही लागली. तारापूरजवळच्या इनामदारांच्या वाड्यातल्या चौकबागा पाहायला आम्ही निघालो होतो. मला त्यांच्यावर लिहायचं होतं. अक्काचं कारण निराळं होतं. तरुणपणी तिला याच घरातून मागणी आली होती आणि वडिलांनी परस्पर नकार कळवला होता. पुढे तिचं लग्न झालं, संसार झाला, वैधव्यही आलं. पण मध्यस्थानं सांगितलेल्या त्या बागा मनातून गेल्या नाहीत. "तिथे जुनं काही काढू नकोस," असं मी गाडीतच बजावलं होतं. माझाच जीव थाऱ्यावर नव्हता.

स्टेशनवर टांगा केला; पाम गावापर्यंत तो बरा चालला. पुढे वीजकेंद्राच्या बांधकामाच्या ट्रकांनी रस्ता पार उखणला होता. फुफाट्यात चाक रुतलं.

"उतरा बाय," टांगेवाला म्हणाला. "घोडं आता वढत नाय. वाडा जवलच हाय."

वाडा बाहेरून साधाच. इनामदार वारलेले, मुलं परगावी. इनामदारीणबाई अक्काच्याच वयाच्या. त्यांनी आम्हाला आत नेलं. पहिल्या चौकात तुळस आणि प्राजक्त. दुसऱ्यात दगडी पाटातून पाणी झुळझुळत होतं, कडेनं अनंत आणि मोगरा. तिसरा फक्त बायकांचा. तिथे सोनचाफ्याखाली कर्दळी, जाईचा मांडव, वर पाटीएवढं आकाश. अक्का एका झाडापासून दुसऱ्याकडे नुसती फिरत राहिली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि उकडहंडी (मडक्यात वाफवलेल्या हिवाळी शेंगा आणि कंद) होती. पानावरच अक्का म्हणाली, "मी या घरची सून व्हायची होते."



 बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या जागी मी आले."

"भाग्याच्या. अशा बागेत राहिलात."

"राहिलेच. बाहेर कुठे जायचं होतं? देवळात जायचं तेही पडदे लावलेल्या बैलांच्या दमणीतून. समुद्र इतका जवळ, भरतीचा आवाज इथे ऐकू येतो. पाहिला मात्र नाही."

"अजून?"

"सासूबाई गेल्या, हे गेले. आता अडवणारं कुणी नाही. पण पाऊल उचलत नाही."

अक्कानं हात धुतले. "चपला घाला," ती म्हणाली.

मी गाडीची वेळ सांगितली, कुणी ऐकली नाही. सुरूच्या झाडांतून आम्ही निघालो. मागे वाड्याच्या दारातून पाहणारी मोलकरीण दिसताच बाई थबकल्या; अक्कानं त्यांचा हात धरला. ओहोटी होती. बाई ओल्या वाळूपर्यंत गेल्या, लाट पायांवरून गेली तशी त्यांनी अक्काचा खांदा घट्ट पकडला.  मग त्यांनी विचारलं, "उद्याही येता येईल ना इथे?"

 अक्का रडत होती.

आमची गाडी चुकली. पुढच्या पॅसेंजरनं परतलो. नंतर मी त्या तीन चौकांवर लिहिलं, लोकांना ते आवडलंही. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या समुद्रावर गेल्या का, ते मला ठाऊक नाही. अक्काला विचारलं की ती चिडते. म्हणते, "गेल्या असणारच. रोज जात असतील."