दोषांच्या रकान्यात बावीस इंच

माझा थोरला भाऊ लाकडाच्या मूर्ती करतो. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात ओतकामासाठी लाकडी नमुने बनवले. तिथे अर्ध्या सुताचाही, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाचाही, फरक चालत नसे. मदन महल भागातल्या आमच्या घरी मात्र संध्याकाळी अंगणात त्याचं स्वतःचं काम चाले, आणि तिथला नियम उलटा होता. शिसमाचा ओंडका दोन उन्हाळे नुसता पडू द्यायचा. वाळताना तो जिथे फाटेल ती भेग पाहायची आणि मूर्ती तिथून सुरू करायची. बाकीचे कारागीर भेग दिसली की लाकूड बाजूला टाकतात, नाहीतर भुसा आणि सरस भरून झाकतात. दादा म्हणायचा, "कारखान्यात मी लाकडाला सांगतो. इथं ते मला सांगून राहिलं."

त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे नर्मदेतून बाहेर येणारी बाई. उंची चार फूट सात इंच. डाव्या खांद्यापासून गुडघ्याकडे एक भेग, बावीस इंच लांब, जास्तीत जास्त तीन सूत रुंद. ओलं लुगडं अंगाला चिकटतं आणि एका जागी सुटतं, ती जागा म्हणजे ही भेग. चौदा महिने तो तिच्या काठांना हत्यार न लावता भोवतालचं काम करत होता. रोज संध्याकाळी मला बोलावून दाखवायचा. मी टेप लावायचो, तो हसायचा.

आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागात आमच्या मंडळाचं नवं सभागृह झालं तेव्हा त्याने ती मंडळाला भेट दिली. मी सहचिटणीस होतो. वस्तू ताब्यात घेताना यादी करायची आमच्याकडे पद्धत होती. रकाने तीन: वर्णन, मापं, दोष. आणताना फुटली असं नंतर कोणी म्हणू नये, म्हणून दोषांच्या रकान्यात मी लिहिलं, 'समोर एक भेग, २२ इंच.' खाली सही केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. भेग नव्हती. तिच्यात पुट्टी भरून, घासून, वर चॉकलेटी रंग आणि चकचकीत पॉलिश मारलं होतं.

अध्यक्ष पुढे आले. "या दादा, या. देखो, पता भी नहीं चलता ना? दारं करणारा मिस्त्रीच लावला. एका दिवसात काम."

"कोणाला विचारून केलं?" मी म्हणालो.

"त्यात विचारायचं काय जी? तुमच्याच यादीत होतं. दोष होता, दूर केला. उद्या पाहुणे येऊन राहिले, त्यांना फुटकी मूर्ती दाखवायची का?"

"ती फुटकी नव्हती."

"अरे भैया, तुम्हीच तर लिहिलं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. "काहून लिहिलंस तू दोषात?" इतकंच विचारलं. यादीला तीनच रकाने आहेत असं मला सांगता आलं असतं.

मिस्त्रीला बोलावून विचारलं, पुट्टी काढता येईल का. तो म्हणाला, "निकल तो जाएगी, पर किनारे भी साथ में आएँगे."

दादाने त्याच्याकडूनच पटाशी मागून घेतली, खाली बसला आणि पायथ्याशी कोरलेलं स्वतःचं नाव तासून टाकलं. "आता बराबर झाली," तो अध्यक्षांना म्हणाला. "सगळी तुमची."

"कलाकार लोक, मूडी असतात," असं म्हणून अध्यक्षांनी मला डोळा मारला.

त्या डोळा मारण्याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही. हा माणूस चौदा महिन्यांच्या कामासमोर उभा राहिला आणि त्याने मूर्ती पाहिली नाही, कागद पाहिला. आणि तो कागद मी दिला होता. ती भेग काय आहे हे मला त्याच्यापेक्षा नीट ठाऊक होतं, रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर उभा असायचो. तरी लिहायची वेळ आली तेव्हा मी रकाना भरला.

मंडळ मी त्याच दिवशी सोडलं. दादाने तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानंतर त्याने तीन मूर्ती केल्या. तिन्ही मी पाहिल्या, पण पुऱ्या झाल्यावर, घरातल्या इतरांबरोबर. काम चालू असताना मी अंगणात गेलो, तर तो पटाशी खाली ठेवतो आणि चहा घेणार का, असं विचारतो.