वरुणेकाठचा भोंगा

गंगा चढली की तिला मिळणाऱ्या वरुणा नदीचं पाणी उलटं फिरतं आणि काठच्या विणकर वस्तीत बघता बघता शिरतं. नव्वदच्या दशकात मी बनारसच्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. पुराची आगाऊ सूचना देण्यासाठी सरकारी समिती झाली, तीत मलाही घेतलं. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी वडील म्हणाले, "गंगामाई तुमच्या समितीला विचारून चढणार का?" मी हसले. तेव्हा मला त्या कामाचा फार भरवसा होता.

वस्तीच्या वतीनं एक वयस्क विणकर बैठकीला यायचे. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बहनजी, माणसं पळतील. करघा कुठे पळणार?" त्यांचे हातमाग जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेले असत आणि पाणी आधी तिथंच भरायचं. ताण्याचे उभे धागे सोडवून माग वर काढायचा, तर अर्धा दिवस हाताशी हवा.

सगळ्यांनी मिळून ठरवलं, की पूरकेंद्राचा फोन आला की या काठाला मशिदीच्या माईकवरून सांगायचं आणि समोरच्या काठाला देवळाच्या. दोन्ही माईक बॅटरीवर चालायचे. मौलवी तयार, पुजारीही तयार. एकदा तालीम झाली, तेव्हा बायका दारात येऊन कौतुकानं ऐकत होत्या.

मग दंग्याच्या भीतीनं शहराची हवा बिघडली. समितीचे प्रमुख साहेब म्हणाले, "सरकारी सूचना धर्मस्थळावरून नको. पोलीस चौकीवर भोंगा बसवू."

"आणि वीज गेली तर?" मी विचारलं.

"मॅडम, आधीच अपशकुन कशाला करता?"

अजानखेरीज माईक वापरायचा नाही, अशी ताकीद मौलवींना गेली. पुजाऱ्यांना कसलीच गेली नाही. भोंग्याला हार घालून उद्घाटन झालं, पेढे वाटले.

पुढच्याच पावसाळ्यात पाणी आलं. चौकीत फोन वेळेवर आला. शिपायानं बटण दाबलं, पण वीज नव्हती. तो ओरडत गल्लीत गेला, पण मागांच्या खटखटीत त्याचं कोण ऐकणार! खबर कळूनही मौलवींनी माईकला हात लावला नाही. लावला असता, तर दुसऱ्या दिवशी त्यांनाच उचललं असतं.

पाणी थोडं उतरल्यावर मी गेले. ते विणकर गच्चीवर भिजलेलं रेशीम पसरत होते. लाल रंग सुटून पिवळ्यात उतरला होता.

"फोन आला होता?" त्यांनी विचारलं.

"आला होता."

"म्हणजे सरकारला खबर होती. चौकीलाही होती." त्यांनी रेशमाची पुढची लड पसरायला घेतली. मी तिथं फार वेळ उभी राहू शकले नाही.

अहवालात लिहिलं गेलं, जीवितहानी नाही, यंत्रणा समाधानकारक. कुजलेल्या मागांसाठी त्यात रकानाच नव्हता. दिवाळीपर्यंत ते विणकर मुलाबरोबर सुरतेला गेले, कुणाच्या तरी कारखान्यात मजुरीला.

हिवाळ्यात साहेबांनी मला एका परिसंवादात बोलायला बोलावलं. विषय होता, 'लोकसहभागातून पूरसूचना'. मी गेले नाही. माझ्या जागी दुसरं कुणीतरी बोललं, आणि फार छान बोललं, असं ऐकलं.